सहा विसांचा मांडव

दोडका ही काही कुणी आठवण काढावी अशी भाजी नव्हे. माणसं आंब्याची आठवण काढतात, हुरड्याची काढतात, कुणी लग्नात जेवलेल्या जिलबीची चाळीस वर्षांनी काढतात. माझ्या वाट्याला दोडका आला. घरात दोडका आणला की माझी सून आधी माझ्या तोंडाकडे बघते, कारण तो चिरताना मी एक तर फार बोलते, नाही तर अजिबात बोलत नाही, आणि तिला दोन्ही सारखंच अवघड जातं. नातवंडांना मी माहेरच्या बहुतेक गोष्टी सांगून झाल्या आहेत, काही तर मीठमसाला वाढवत तीन-तीनदा. ही मात्र सांगितली नाही. ती सांगायला लागले की मला स्वतःची चेष्टा सुरू करता येते, पण शेवटपर्यंत नेता येत नाही.

आमचं सोलापुरातलं घर म्हणजे एक माग आणि त्याच्या कडेकडेनं राहणारी तीन माणसं. पुढच्या खोलीत जमिनीत मागाचा खड्डा होता. आप्पा, माझे वडील, त्याच्या काठावर बसून पाय आत सोडत आणि खालच्या पावड्या दाबत. उरलेल्या जागेत आईचा रहाट, सुताच्या लडी, सूत गुंडाळायच्या कांड्यांची टोपली आणि मी. मागची खोली स्वयंपाकाची, तिच्यामागं परस. सकाळी गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आत आप्पांचा धोटा सुरू झालेला असे. खट् जायचा, खट् यायचा. त्या आवाजावर मी उठले, त्यावर पाढे पाठ केले, आणि आजही कुठं दार वाऱ्यानं ठोकत असलं तर माझा पाय त्याच्या तालावर हलतो. घराला सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास होता. शाळेतल्या मुली नाक मुरडायच्या. मला तो वास आहे हेच मुळी लग्न होऊन दुसऱ्या घरी गेल्यावर कळलं. आईच्या हातच्या कडक भाकरीला, शेंगांच्या चटणीला, सगळ्याला तो असणार. मला वाटायचं जेवणाचा वासच तसा असतो.

आप्पा रेशीमकाठी लुगडी विणत. माग आणि सूत पेठेतल्या मालकांचं, हात आप्पांचे. ते बुटके होते, हे इथंच सांगून ठेवते, कारण ते पुढं लागणार आहे. आमच्या घराण्याला उंची वाटताना देवाचा हात आखडला असावा. माझंही तेच झालं, फक्त माझ्या बाबतीत त्यानं जिभेत भरपाई केली. कांड्या भरताना माझं तोंड इतकं चाले की सूत तुटे, आणि आई म्हणे, कांडी राहू दे, तोंडाला विश्रांती दे. आप्पा मात्र मला कधी गप्प बस म्हणाले नाहीत. ते विणत आणि ऐकत. मधूनच 'व्हय का?' म्हणत. त्या 'व्हय का'साठी मी शाळेतल्या गोष्टी वाढवून सांगायला शिकले.

मी अकरा वर्षांची असेन, तेव्हा ते धागा नाकाजवळ नेऊन बघायला लागले. मग दारात नेऊन. मग एक दिवस मालकांनी त्यांचं लुगडं परत आणलं. स्वतः आले, माणसाबरोबर पाठवलं नाही, इतका मान ठेवला. काठातल्या सुताच्या तारा चुकल्या होत्या, एका जागी नव्हे, चार जागी. आप्पांनी लुगडं मांडीवर घेऊन चुकलेल्या जागी बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड मारून बघितलं आणि आतली शीर वाळत चालली आहे, त्याला औषध नाही म्हणून सांगितलं. मालक म्हणाले, दसऱ्यापर्यंत आराम करा, माग हलवत नाही. दसऱ्याला तुम्ही हो म्हणालात तर नवा ताणा तुमच्याच मागावर चढवू. नाही म्हणालात तर मग बघू. 'मग बघू' म्हणजे काय ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. शेजारच्या नरसम्माचा मल्लेश तेलंगणातून येऊन वर्ष झालं होतं. हातात कसब होतं, आणि बसायला माग नव्हता.

माग थांबला आणि घर इतकं गप्प झालं की उंदरांचा आवाज यायला लागला. आप्पा तरीही रोज खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसायचे. आईला ते बघवेना. तिनं त्यांना परसात काढायचं ठरवलं.

आमचं परस म्हणजे नुसता मुरूम. कुदळ मारली तर ठिणगी निघायची. म्हणून आईनं मागच्या भिंतीलगत गुडघाभर उंचीचा दगडी कठडा रचून वाफा केला होता आणि तळ्यातला गाळ घमेल्याघमेल्यानं आणून त्यात भरला होता. त्यात ती दोडका लावायची. आदल्या वर्षी वेल कठड्यावरून उतरून मुरमावर पसरला, आणि दोडके अर्धे उन्हानं भाजले, अर्धे उंदरांनी नेले. यंदा आई आप्पांना म्हणाली, "अवो, बसल्या बसल्या याला मांडव तरी करून द्या की. चार बांबू अन् धा-बारा सुतळ्या. कुणाला बी जमंल असलं काम हाय."

कुणालाही जमेल असलं काम आप्पांना येत नव्हतं, ही खरी अडचण. त्यांना नीट करायचंच काम येत होतं. ताण्याला खळ लावायचे जुने बांबू पडून होते, ते काढले. पहिला बांबू गाळात रोवला तर तो पिठात रोवलेल्या काडीसारखा डोलायला लागला. दुसऱ्यानं कपाळाला हात लावला असता. आप्पांनी कठड्याच्या कोपऱ्यातले दगड उपसले, बांबू दगडांच्या मधोमध उभा केला, भोवती कपच्या ठोकल्या आणि कठडा पुन्हा रचला, सगळं हातानं चाचपत. चारी खांब असे बसले की मी लोंबकळून बघितलं तरी हलले नाहीत. मग कठड्याच्या पुढच्या काठालगत एक आडवा बांबू खाली बांधला आणि दुसरा वर, मागच्या भिंतीच्या माथ्यावर. मांडव झाला तो असा उतरता, भिंतीकडून आमच्याकडं झुकलेला, वेल वरनं चढावा आणि दोडके पोटाखाली लोंबावेत म्हणून.

आणि मग सुतळ्या. आप्पांना सुतळी नको होती. त्यांनी आईला उरलेल्या सुताचे पदर रहाटावर पिळून दोर करायला सांगितलं, आणि वरून खाली एकेक तार ओढायला घेतली. खालच्या बांबूला नुसता वेढा, गाठ फक्त वर, कारण खाली पाणी पडून गाठ कुजते. दोन तारांत अंतर किती, तर अंगठ्याएवढं. आई बघत राहिली. वरच्या बांबूशी हात पोचायला आप्पांना वाफ्याच्या कठड्यावर चढून भिंतीकडं वाकावं लागे, आणि डोळ्यांचा भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येक गाठीला ते हाक मारत, "गोदे, धर." मी पळत जाऊन त्यांच्या धोतराचा सोगा दोन्ही हातांनी धरायची. ते पडले असते तर मी काय सावरणार होते, त्यांच्याबरोबर गाळात गेले असते, एवढंच. पण सोगा धरल्याशिवाय ते एकदाही चढले नाहीत. दोन दिवस मी धर आणि सोड यांच्यामध्येच होते. दोन दिवसांत सहा विसा तारा झाल्या. आमच्याकडं तारा विसांनीच मोजत. सहा विसा म्हणजे एकशे वीस.

नरसम्मा भिंतीवरनं डोकावली. तिचं मराठी तिच्या तेलुगूतनं गाळून यायचं. म्हणाली, "गोदाचा आई, ते दोडक्याला लुगडं नेसवतो काय तुझा नवरा?" गल्लीतल्या दोघीतिघी हसल्या. मला राहवतं का? मी विचारलं, "आप्पा, काठ कुठला घालायचा मग?" आता सगळ्याच हसल्या. आप्पाही हसले. म्हणाले, "काठ त्यो दोडकाच घालंल की." आणि हातातली गाठ पुन्हा चाचपून बघितली. आई हसली नाही. माझ्या ध्यानात आलं होतं, पण मी माझ्या विनोदावर खूश होते.

त्यानंतर रोज संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, आप्पा मांडवासमोर उभे राहायचे. छातीच्या उंचीवर डावीकडच्या पहिल्या तारेवर बोट ठेवायचं आणि एकेक तार चाळवत, ओठ हलवत, एकेक पाऊल सरकत उजव्या टोकाला जायचं. डोळे मिटलेले. वेल वाढला तशी पानं बाजूला सारून बोट तारेवर जायचं. मला वाटायचं, तार सैल पडली का बघतात. ते मोजत होते. आईला हे ठाऊक होतं, मला नव्हतं. डोळे जाणार हे आप्पांनी मनाशी धरलं होतं. राहता राहिले हात. अंगठ्याएवढ्या अंतरावरच्या सहा विसा तारा बोटांनी न चुकता मोजता आल्या तर काठाच्या तारांनाही बोट शिकेल, असा त्यांचा हिशेब होता. आईला त्यांनी सांगून ठेवलं होतं की दसऱ्यापर्यंत एकदाही चुकलं नाही तर मालकांना हो म्हणेन. चुकलं तर माग जाईल. आणि महिना उलटून गेला तरी सहा विसाच भरत होत्या. आई त्या दिवसांत भाकरी थापताना गुणगुणायची. मी तिला विचारलं नाही, कारण बोलत मीच असायची.

सगळ्यांत हाल झाले ते दोडक्यांचे. अंगठ्याएवढ्या फटीतनं कोवळा दोडका खाली उतरायचा, आणि फुगायला लागला की दोन तारांत त्याची मान आवळायची. काही वरच अडकून वाकडे झाले. काहींच्या पाठीवर तारांचे वळ उठले. मला दोडक्याची भाजी आवडायची नाही, पण वेलाचा लळा लागला होता. त्यातले दोन दोडके तर माझे म्हणून मी ठरवले होते. त्यांच्या माना आवळलेल्या बघून मी तारा बोटांनी फाकवून बघायची, पण हात काढला की त्या परत मिटायच्या. आईला सांगितलं, तर आई, जी साध्या भेंडीची देठं फेकू द्यायची नाही, ती म्हणाली, "असू दे. मांडवाला हात लावायचा न्हाई."

दसरा चार दिवसांवर आला होता. दुपारी आई पाण्याला गेली, आप्पांचा डोळा लागला होता. मागाजवळची कातरी घेऊन मी गेले आणि दोन तारा कापल्या. एक या टोकाची, एक त्या टोकाची, दोन दोडक्यांसाठी दोन. हात पोचेल तितक्या उंचीवर, पानांच्या आत, कुणाला दिसू नये अशा. वरच्या गाठी तशाच राहिल्या, तिथपर्यंत कोण जातंय. खालचा वेढा काढून टाकला आणि फट दिसू नये म्हणून शेजारच्या तारा खालच्या बांबूवर थोड्या थोड्या सरकवून सारख्या केल्या. शेवटी विणकराची पोर. इतकं सफाईचं काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी मी मागच्या दाराच्या पायरीवर बसून भाकरीचा तुकडा खात होते. आईनं वाफ्याला पाणी घातलं होतं, पुढचा मुरूम ओला होता. आप्पा आले, डावीकडनं उजवीकडं गेले. टोकाला थांबले. परत डावीकडं आले आणि पुन्हा गेले, या खेपेला हळू. मग तिसऱ्यांदा. त्यानंतर ते तिथंच उभे राहिले, हात तारेवर. आई स्वयंपाकघरातनं बाहेर आली आणि दारात थांबली. ती काही बोलली, ते मला ऐकू आलं नाही. आप्पांनी मान हलवली आणि मोठ्यानं एवढंच म्हणाले, "दिवा लाव." दोन्ही दोडके मोकळे लोंबत होते. मी आपल्या कर्तबगारीकडं बघत भाकरी संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला सांगितलं, "गोदे, मल्लेशला म्हणावं, आप्पांनी बोलावलंय." मी लंगडी घालत गेले. नरसम्मानं मला गुळाचा खडा दिला, तो चघळत परत आले.

माग सोडायला एक दिवस लागला. मालकांचे दोघं आणि मल्लेश. कुठला भाग आधी सोडायचा, कुठली खुंटी कशानं ठोकायची, ते आप्पा काठावर बसून सांगत होते, आणि ते सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. मल्लेशची मान वर होत नव्हती. शेवटी मागाची फणी उचलताना त्यानं ती खाली ठेवून आप्पांचे पाय धरले. आप्पा म्हणाले, "असं काय करतोस. डाव्या अंगाला जरा जास्त दाब देत जा, त्यो माग तसा हाय." धोटा तेवढा त्यांनी ठेवून घेतला. मल्लेशच्या घरातनं दुसऱ्याच दिवशी आवाज सुरू झाला. भिंतीपलीकडं तोच खट् खट्. आमच्या घरात खड्डा उरला.

दसऱ्याला घरोघर मागाची पूजा असते. आईनं पाटावर धोटा ठेवला, झेंडूचं फूल वाहिलं आणि तिथंच बसून राहिली. मी विचारलं, आप्पांनी माग का दिला? नव्या ताण्याला ते हो म्हणणार होते ना? तेव्हा तिनं मला मोजण्याचं सगळं सांगितलं. "महिनाभर एक बी तार चुकली न्हाई बघ," ती म्हणाली. "त्या दिवशी दोन कमी भरल्या. परत मोजल्या, परत दोन कमी. मी म्हटलं मी मोजते, तर नको म्हणले. तू डोळ्यानं मोजशील, त्याचा मला काय उपयोग."

संध्याकाळी आप्पा खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले होते. मी शेजारी बसून माझेही पाय आत सोडले. तळाला पोचले नाहीत. मग सांगितलं. कातरीपासून गुळाच्या खड्यापर्यंत सगळं, काही न वाढवता.

आप्पांनी 'व्हय का' म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "किती कापल्यास?"

"दोन."

"अन् वरच्या गाठी?"

"त्या तशाच हायत. तितं माझा हात पोचला न्हाई."

त्यांनी माझा हात घेतला आणि माझी बोटं एकेक करून दाबली, कांडी भरताना सूत बघतात तशी. म्हणाले, "मग तुझ्याकडं काय दोष न्हाई, गोदे. दोन कमी भरल्यावर मलाबी शंका आली की. म्हणून तिसऱ्या खेपेला तारा सोडून वरच्या गाठी मोजल्या. गाठी सगळ्या होत्या म्हणतीस न्हवं? मला त्याबी कमीच लागल्या. हातच गेलाय माझा. तू तार कापली नसतीस तरी आज न्हाई तर उद्या चुकलंच असतं." आणि मग हसून म्हणाले, "दोडकं सुटलं ते बरं झालं. लई आवळलं होतं बिचाऱ्याला."

मी इतकी हलकी झाले की त्या दिवशी दोडक्याची भाजी मागून घेतली आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. आप्पा पुढं सात-आठ वर्षं होते. मल्लेशच्या कांड्या भरून द्यायचे, बायकापोरांचं काम. डोळे पुरते गेल्यावरही त्यांची कांडी कधी सैल आली नाही, असं मल्लेश सगळ्यांना सांगायचा. ते ऐकून मला अभिमान वाटायचा. हात गेलेल्या माणसाची कांडी सैल कशी येत नाही, हा प्रश्न मला पडला नाही. माझं काम झालं होतं, मी सुटले होते. मी त्या सुटकेवर लग्न केलं, मुलं वाढवली, आणि चारचौघांत बसून गोष्टी सांगितल्या.

परवा आमच्या मागच्या अंगणात मुलानं विटांचा वाफा बांधून घेतला. जाईचा वेल लावायचा म्हणाला. मांडव कसा करायचा हे आई तूच सांग. सांगून त्याला कळेना, तेव्हा मी पदर खोचला आणि नातीला हाक मारली, "धर गं." ती माझ्या लुगड्याला लोंबकळली आणि मी काठावर चढले. वरच्या बांबूशी हात गेला, पहिली गाठ बांधली. मग खाली उतरून, ती घट्ट बसली का म्हणून सहज जमिनीवरनं हात वर केला. हात पोचेना. बोटांना तार लागत होती. गाठ वर, आणखी दोन हात पलीकडं होती.

नातीनं विचारलं, आजी, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, उंची कमी पडली.

ती संध्याकाळ मला जितकी स्वच्छ आठवते तितकं माझं लग्नही आठवत नाही. मी पायरीवर बसले होते, हातात भाकरी. ओल्या मुरमावर आप्पांची पावलं उमटली होती, डावीकडनं उजवीकडं, तीन रांगा, तिन्ही वेळेला दोन्ही पाय जमिनीवर. वरच्या गाठी मोजायच्या तर त्यांना कठड्यावर चढावं लागलं असतं. चढायचं असतं तर त्यांनी मला हाक मारली असती. सोगा धरायला मी चार पावलांवर होते, आणि त्या संध्याकाळी मला हाक आली नव्हती.